लायनफिशला भांडखोर शेजारी देऊ नका

“लायनफिश नेताय ना दादा? मग सोबत एक ट्रिगर घ्या, एक पफर टाका, टाकी मोठी असेल तर मोरे ईलसुद्धा चालेल. विषारी मासा आहे, त्याच्या वाटेला कोणी जात नाही.” वसईपासून विरारपर्यंत खाऱ्या पाण्याची टाकी मांडू पाहणाऱ्याला हा सल्ला कधी ना कधी मिळतोच. दुकानदार देतो, आणि दुकानदाराकडून ऐकलेला जुना हौशी तोच सल्ला नव्या हौशीला देतो. कुर्ल्याहून किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून पिशवीत मासा घेऊन विरार लोकलमध्ये चढणाऱ्याच्या डोक्यात तो पक्का बसलेला असतो. मला या सल्ल्याला विरोध करायचा आहे. त्याने लायनफिश मरतो, बरेचदा त्याच्यासोबतचा मासाही मरतो, आणि टाकीत हात घालणारा माणूस विनाकारण धोक्यात येतो.

या सल्ल्यामागचा विचार आधी पूर्ण मांडतो, कारण त्याचा निम्मा भाग बरोबर आहे. लायनफिश तोंडात मावेल ते गिळतो. स्वतःच्या निम्म्या लांबीचा मासासुद्धा तो सहज आत घेतो. क्लाउनफिश, डॅमसेल, शोभेची कोळंबी हे सगळं त्याच्यासाठी खाद्यच. म्हणून लहान मासे त्याच्यासोबत ठेवायचे नाहीत, हे शंभर टक्के खरं. पण इथून लगेच “मग दांडगेच मासे ठेवा” अशी उडी मारली जाते. मोठा मासा हवा, इतकंच यातून सिद्ध होतं. तो भांडखोरही असावा, हे कशातूनही सिद्ध होत नाही. दुकानात मोठ्या माशांत ट्रिगर आणि पफर सहज मिळतात, दिसायला रुबाबदार असतात, पटकन विकले जातात, म्हणून दोन्ही गोष्टी एकच समजल्या गेल्या.

आता त्या विषाचं बघू, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. आपल्याकडे ज्याला सर्रास लायनफिश म्हणतात त्या टेरॉइस व्होलिटान्सला १८ विषारी काटे असतात: पाठीवर १३, पोटाखालच्या दोन परांना एकेक, आणि शेपटीकडे पोटाच्या बाजूला ३. प्रत्येक काट्याला लांबीभर पन्हळीसारख्या खाचा असतात, त्या खाचांत विष तयार करणारी पेशींची पट्टी असते आणि वरून पातळ कातडीचं वेष्टण. काटा कोणाच्या अंगात घुसला की वेष्टण मागे सरकतं, पट्टी दाबली जाते आणि विष जखमेत उतरतं. सापासारखं दंश करणं इथे नाही, विष बाहेर फेकणंही नाही. समोरच्याने येऊन टोचून घेतलं तरच हे शस्त्र चालतं.

आणि लायनफिश पाहताना आपली नजर ज्यावर खिळते, ते दोन्ही बाजूंना पसरलेले झालरीसारखे पट्टेरी पर? ते छातीजवळचे पर आहेत. त्यांच्यात विष नाही. मऊ, पातळ, लोंबते. टाकीतला कुरतडणारा मासा आधी तोंड घालतो ते नेमकं तिथे, कारण हलणारी झालर त्याला खुणावते आणि तिचा प्रतिकार शून्य असतो. पाठीवरच्या १३ काट्यांचा बाजूने किंवा खालून येणाऱ्या ट्रिगरला काहीच उपद्रव होत नाही. “त्याच्या वाटेला कोणी जात नाही” असं म्हणणाऱ्याने हा एवढा भाग जरी टाकीसमोर बसून नीट पाहिला, तरी त्याचं मत बदलेल.

विष आणि भांडखोरपणा यांची गल्लत आपल्या किनाऱ्यावरचा कोळी करत नाही. पाचूबंदरला किंवा अर्नाळ्याला जाळं सोडवताना शिंगाळा हाती लागला, की आधी त्याचे काटे मोडले जातात आणि मग तो टोपलीत पडतो. शिंगाळ्याचा काटा लागला तर हात किती ठणकतो हे तिथे पोरासोरांनाही ठाऊक असतं. पाखटाच्या शेपटीचंही तेच. पण म्हणून शिंगाळा किंवा पाखट इतर माशांवर दादागिरी करतो, असं कोणी म्हणत नाही. दोघेही तळाशी चिखलात आपलं अन्न शोधत असतात आणि काटा असतो तो अंगावर आलेल्यासाठी. लायनफिश त्याच पंक्तीतला. दिवसा कपारीत डोकं खाली करून टांगल्यासारखा स्वस्थ असतो, संध्याकाळी बाहेर पडतो, संथ पोहतो. ज्याला पळता येत नाही आणि चावताही येत नाही, त्याला निसर्गाने काटे दिले.

आता समोरचा पाहा. ट्रिगरच्या जबड्यात छिन्नीसारखे दात असतात आणि त्या दातांवर तो खेकडे, शिंपले आणि समुद्री साळी फोडतो. काटेरी साळीवर पाण्याचा झोत मारून तिला उलटी पाडायची आणि काटे आखूड असलेल्या खालच्या बाजूने फोडायची, ही काही ट्रिगरांची पद्धत पाणबुड्यांनी आणि अभ्यासकांनी पाहिलेली आहे. काटेरी प्राण्याचा कमकुवत भाग शोधून तिथे तोंड घालणं हे या माशाचं पोट भरण्याचं कसब आहे. अशा माशाला काट्यांची भीती वाटेल, या भरवशावर आपण त्याला चार फुटांच्या काचेत लायनफिशबरोबर कोंडतो. खुल्या समुद्रात खडकांमध्ये वाट्टेल तितक्या कपारी असतात, अंतर असतं. टाकीत लायनफिश पळून जाऊन जाणार कुठे? फार तर फिल्टरच्या पाइपमागे.

नालासोपाऱ्यातल्या एका ओळखीच्या घरी मी हे जवळून पाहिलं आहे. टाकीत निळसर नायजर ट्रिगर आणि तळहाताएवढा लायनफिश. ट्रिगर हल्ला करत नव्हता, म्हणजे हल्ला म्हणून आपल्या डोळ्यांपुढे जे येतं तसं काही नव्हतं. तो जाता-येता एक चिमटा काढायचा आणि पुढे जायचा. पुन्हा फेरी, पुन्हा चिमटा. लायनफिश दर वेळी पाठ वळवून काटे त्याच्या दिशेने झुकवायचा. हीच त्याची सगळी लढाई. त्याच्या उजव्या पराच्या पट्ट्या टोकाशी फाटून दोऱ्यांसारख्या झाल्या होत्या आणि कडेला पांढरा कापसासारखा थर धरला होता. घरातले म्हणत होते, “खेळतात दोघं.” तो पांढरा थर म्हणजे जखमेत शिरलेला संसर्ग होता.

पफर, म्हणजे आपला केंड, हा ट्रिगरइतका तिखट नसतो, पण त्याची चोच सतत काहीतरी चाखून बघत असते. त्यात दुष्टपणा नसतो, नुसतं कुतूहल असतं, आणि फाटलेल्या पराला त्याने काही फरक पडत नाही. शिवाय इथे उलटंही घडतं. झालर ओढायला गेलेला केंड काट्यावर आपटला तर मरू शकतो. गोब्र्याची, म्हणजे ग्रूपरची, गोष्ट तर आणखी सरळ. गोब्रा लायनफिशला गिळतो. बहामा बेटांजवळ पकडलेल्या गोब्र्यांच्या पोटात लायनफिश सापडल्याची नोंद आहे, आणि तांबड्या समुद्रात नळीसारख्या लांब तोंडाच्या कॉर्नेटफिशच्या पोटातही. म्हणजे समुद्रातसुद्धा त्याच्या वाटेला जाणारे आहेत. जाता जाता एक सांगून ठेवतो. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं गोंडस पिल्लू म्हणून जो मासा कधी कधी विकायला दिसतो, तो जायंट ग्रूपर असू शकतो आणि त्याला आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. तो लायनफिशबरोबरच काय, कोणाबरोबरही घरी ठेवायचा नाही.

पण दातांपेक्षा मोठा प्रश्न खाण्याचा आहे, आणि त्याकडे कोणीच बघत नाही. लायनफिश कसा खातो ते एकदा निवांत पाहावं. तो भक्ष्याकडे झेपावत नाही. आधी नजर रोखतो, मग दोन्ही पर पसरून पुढचा रस्ता अडवतो, हळूहळू सरकतो, क्षणभर स्थिर होतो आणि मग तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. शेवटचा घोट डोळ्याचं पातं लवायच्या आत होतो, पण त्याआधीची तयारी सावकाश चालते. कोळंबीचा तुकडा पाण्यात पडला की ट्रिगर तो वरच्या वर झेलतो, दुसरा तुकडा पफर पळवतो, खाली पडलेल्याचा वास काढत ईल येते. लायनफिश अजून नजरच रोखत असतो. त्यात नवा आणलेला लायनफिश मेलेलं खाद्य ओळखतच नाही. हललं तरच ते अन्न, ही त्याची समज. त्याला फीडिंग स्टिकच्या टोकाला कोळंबी लावून, ती त्याच्यापुढे हळूहळू हलवून, चिकाटीने शिकवावं लागतं. तीन हावरट तोंडं भोवती असताना हे शिकवणं जमत नाही. मग माणूस कंटाळून गप्पी किंवा गोल्डफिश जिवंत सोडू लागतो, आणि गोड्या पाण्यातले मासे खाऊन लायनफिशची तब्येत आतून बिघडत जाते. दिसायला तो बरेच दिवस ठीक दिसतो, कारण मोठ्या डोक्याच्या आणि झालरवाल्या माशाचं खंगणं चटकन ध्यानात येत नाही. वरून पाहिलं तर डोक्यामागे पाठ बसलेली दिसते. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: “माझ्याकडे एकत्र आहेत की, काही झालं नाही.” असे लोक आहेत, हे मी नाकारत नाही. पण त्यांना विचारावं, ट्रिगर केवढा आहे? क्लाउन ट्रिगर विकत घेताना बोटाएवढा असतो. पूर्ण वाढला की अर्ध्या मीटरपर्यंत जातो. पिल्लू असताना लाजाळू असणारा हा मासा मोठा झाला की सगळी टाकी आपलीच समजतो, आणि जे सोबती त्याच्याबरोबर लहानाचे मोठे झाले त्यांनाही सोडत नाही. काटेरी केंड अर्धा मीटर होतो. स्वतः व्होलिटान्स सव्वा फुटाच्या पुढे जातो आणि नीट सांभाळला तर १० वर्षं किंवा त्याहून जास्त जगतो. इतकी वर्षं जगणाऱ्या माशाविषयीचा निकाल पहिल्या वर्षाच्या शांततेवर द्यायचा नसतो. आणि ज्यांच्या टाकीत लायनफिश मेला, ते सहसा त्याची चर्चा करत नाहीत. पुढच्या महिन्यात दुसरा आणतात. म्हणून कानावर येतात त्या फक्त टिकलेल्या टाक्यांच्या गोष्टी.

आपल्या भागात हा खेळ आणखी महागात पडतो. घरोघरी असते ती टाकी साधारण ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर २५५ लिटर. एकट्या मोठ्या व्होलिटान्सला किमान ४५० लिटर लागतात, म्हणजे ४ बाय २ बाय २ ची टाकी. त्यात आणखी दोन-तीन मांसाहारी मासे म्हणजे तेवढ्याच पाण्यात कितीतरी पट घाण, आणि ती घाण आधी अमोनिया आणि मग नायट्रेट होऊन साचत जाते. ती काढायची तर पाणी बदलावं लागतं. ते आणायचं कुठून? टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याचा भरवसा नाही, म्हणून आरओचं पाणी घेऊन त्यात मीठ कालवायचं, आणि ते मीठ स्वस्त नाही. काही जण रानगाव किंवा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून कॅन भरून आणतात. उत्तरेला वैतरणा समुद्राला मिळते, दक्षिणेला वसईच्या खाडीतून उल्हासचं पाणी येतं. पावसाळ्यात इथल्या समुद्राचा खारेपणा उतरतो, पाणी गाळाने भरतं आणि शहरांचं सांडपाणीही त्यातच असतं. प्रवाळात वाढलेल्या माशाला हे पाणी देऊ नये.

मे महिन्यात बंद खोलीतल्या टाकीचं पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. पहिल्या पावसात वीज गेली की पंप थांबतात. चार मोठे मासे तो उरलेला प्राणवायू किती वेळात संपवतील, याचा हिशेब भांडखोर माशांची टाकी सुचवणाऱ्याने घातलेला नसतो. एकट्या, हालचाल कमी करणाऱ्या लायनफिशला बॅटरीवरचा छोटा एअर पंप घेऊन काही तास निभावून नेता येतं. दिवसभर चकरा मारणाऱ्या ट्रिगरसकट ते नेता येत नाही.

आता माणसाच्या हाताबद्दल, कारण या सगळ्यात मला सर्वांत जास्त राग याचा येतो. हौशी माणसाला लायनफिशचा काटा लागतो तो बहुतेक वेळा काच पुसताना, दगड हलवताना किंवा खाऊ घालताना. शांत टाकीत लायनफिश कुठे आहे ते आपल्याला दिसत असतं आणि तो हलत नाही. पाठलाग चालू असलेल्या टाकीत तो घाबरून कुठूनही येतो, आणि घाबरलेला असल्यामुळे काटे उभे करूनच येतो. शिवाय भांडणं सोडवायला, जखमी मासा काढायला, दगडांची रचना पुन्हा पुन्हा बदलायला हात सतत आत जातो. भांडखोर सोबती दिल्याने मालकाला काटा लागण्याची शक्यता वाढते. हे विकताना कोणी सांगत नाही. ज्या घरात लहान मुलं टाकीवर चढून हात घालतात, त्या घरात तरी हे सांगायलाच हवं.

काटा लागला तर बर्फ लावायचा नाही. हे विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेने निकामी होतं. अंगठी, घड्याळ काढून ठेवायचं आणि हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४० ते ४५ अंशांच्या आसपास, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या हाताने तपासायचं, कारण ठणकणाऱ्या हाताला भाजल्याचं कळत नाही. नंतर डॉक्टरांना दाखवायचं, आत तुटलेला तुकडा राहिला आहे का ते पाहायला आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी. श्वास लागला, चक्कर आली, सूज वर चढत गेली तर गरम पाण्याची वाट न बघता थेट रुग्णालय. निरोगी माणूस यातून सहसा बरा होतो, पण त्या काही तासांतली वेदना भयंकर असते.

“मग काय, नुसता एक मासा ठेवायचा? टाकी रिकामी वाटते.” हा शेवटचा आक्षेप, आणि मला वाटतं खरा आक्षेप हाच आहे. बाकीचं सगळं या इच्छेला शोधलेलं कारण आहे. पाहुण्यांपुढे टाकीत झुंज दिसावी, असं ज्याला वाटतं त्याने जिवंत मासे पाळू नयेत. ज्याला फक्त हालचाल हवी आहे, त्याच्यासाठी पर्याय आहेत. फॉक्सफेस हा शेवाळ खाणारा, शांत, आणि स्वतः विषारी काट्यांचा धनी, लायनफिशबरोबर छान राहतो. मोठ्या डोळ्यांचे तांबडे सोल्जरफिश त्याच्यासारखेच संध्याकाळी बाहेर पडणारे, आकाराने पुरेसे मोठे झाले की चालतात. अंगाने मोठे आणि कुरतडण्याची खोड नसलेले मासे, हा निकष. टाकी लहान असेल तर व्होलिटान्सचा हट्ट सोडून झेब्रा किंवा फझी जातीचा बुटका लायनफिश एकटा ठेवावा. खोलीतला दिवा मंद करून संध्याकाळी त्याला स्टिकवर कोळंबी दाखवावी. काही आठवड्यांत तो माणूस समोर आला की काचेजवळ येतो. लायनफिश पाळण्यातलं खरं सुख मला यात वाटतं, आणि ट्रिगरच्या टाकीत ते कधीच मिळत नाही, कारण तिथला लायनफिश कपारीतून बाहेरच येत नाही.

ज्यांच्या घरी आज लायनफिश आणि ट्रिगर एकत्र आहेत, त्यांनी आधी टाकीच्या मधोमध जाळीदार पार्टिशन घालावं. आजच. मग बाहेर काढायचा तो ट्रिगर. लायनफिशला हलवायची वेळ आलीच तर जाळी वापरू नये, काटे अडकतात, तुटतात आणि सोडवताना हाताला लागतात. रुंद तोंडाची पारदर्शक बरणी पाण्यात बुडवून त्याला हळूच तिच्यात वळवावं. नको झालेला मासा खाडीत किंवा जेट्टीवरून समुद्रात सोडायचा नाही, ट्रिगर नाही आणि लायनफिशही नाही. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९८५ मध्ये पहिला लायनफिश दिसला, तो बहुधा कोणीतरी टाकीतून सोडलेला, आणि आज अटलांटिकच्या त्या बाजूला हा मासा स्थानिक माशांची पिल्लं फस्त करतो आहे. फ्लोरिडात २०१४ पासून जिवंत लायनफिश आणायलाच बंदी आहे. लायनफिश आपल्या हिंदी महासागराचा असला, तरी टाकीतले रोग आणि परजीवी घेऊन बाहेर पडलेला कोणताही मासा इथेही घातक ठरू शकतो. ट्रिगर ज्या दुकानातून आणला तिथे परत न्यावा. पैसे मिळाले नाहीत तरी चालेल. दुकानदार घेत नसेल तर मोठी टाकी असलेला आणि लायनफिश नसलेला कोणी हौशी शोधावा, आणि तो सापडेपर्यंत पार्टिशन काढू नये.